कशाच्या बाबतीत उलट? विरुद्धार्थी शब्दांवरचे समसंबंध सोडवण्याची रीत

समसंबंधाच्या प्रश्नात पहिल्या दोन शब्दांत जे नाते असते तेच तिसऱ्या आणि चौथ्या शब्दांत यावे लागते. ‘उंच : ठेंगणा :: खोल : ?’ असा प्रश्न दिसला की मूल पहिली जोडी वाचते, मनात ‘विरुद्धार्थी’ म्हणते आणि ‘खोल’च्या विरुद्ध शब्द आठवू लागते. ‘उथळ’ आठवतो, मार्क मिळतो आणि सवय पक्की होते. त्याच सवयीने ते ‘पूर्वार्ध : उत्तरार्ध :: पूर्वज : ?’ सोडवायला जाते आणि अडते. पूर्वच्या विरुद्ध पश्चिम हे त्याला पाठ असते, आणि ‘पश्चिमज’ असा शब्द तर कधी कुठे ऐकलेला नसतो.

दोन शब्द विरुद्धार्थी आहेत म्हणजे ते सगळ्याच बाबतींत वेगळे असतात असे नव्हे. ‘उंच’ आणि ‘ठेंगणा’ दोन्ही विशेषणे, दोन्ही उभ्या मापाबद्दल बोलणारी, दोन्ही माणसाला लागणारी. फरक एकाच ठिकाणी, मापाच्या टोकात. ‘उंच’ आणि ‘कडू’ यांच्यात याहून कितीतरी जास्त अंतर आहे, तरी त्यांना कोणी विरुद्धार्थी म्हणत नाही. म्हणून जोडी समोर आली की विचारायचे एवढेच: कशाच्या बाबतीत उलट? पूर्वार्ध आणि उत्तरार्ध काळाच्या बाबतीत उलट आहेत, दिशेचा तिथे संबंध नाही. आपल्या आधी होऊन गेला तो पूर्वज, नंतर येणार तो वंशज. पर्यायांत ‘अनुज’ ठेवलेला असेल तर त्याला भुलू नये. अनुज म्हणजे धाकटा भाऊ, त्याची जोडी अग्रजाशी.

आधी वाक्य, मग पर्याय

रीत सोपी आहे, पाळायला मात्र जड जाते. पर्यायांवर हात ठेवा. पहिल्या जोडीतले दोन्ही शब्द येतील असे एक छोटे वाक्य करा. त्याच वाक्यात तिसरा शब्द बसवा आणि रिकाम्या जागी काय यायला हवे ते स्वतःच्या तोंडाने म्हणा. आता हात काढा. तुम्ही म्हटलेला शब्द पर्यायांत असला तर खूण करून पुढे जा. नसला तर त्याच्या सर्वांत जवळचा शोधा. दोन पर्याय बसताहेत असे वाटले तर वाक्य अजून आवळा.

हात ठेवण्यामागे कारण आहे. प्रश्न काढणारा चुकीचे तीन पर्याय उगाच भरत नाही. त्यात एक बहुधा तिसऱ्या शब्दाचा समानार्थी असतो, एक उच्चाराने जवळचा, आणि एक त्याच विषयातला पण संबंध निराळा असलेला. डोक्यात स्वतःचे उत्तर तयार नसेल तर हे तिघेही ओळखीचे वाटू लागतात. हे पाहा:

उन्नती : अवनती :: उत्कर्ष : ?
(अ) प्रगती (आ) निष्कर्ष (इ) अपकर्ष (ई) आकर्षण

वाक्य: ‘उन्नती म्हणजे वर जाणे, अवनती म्हणजे खाली येणे.’ उत्कर्ष म्हणजे भरभराट, वर जाणे. तर खाली येणे म्हणजे? ‘अपकर्ष’ शब्द आधी ऐकलेला नसला तरी चालते. ‘प्रगती’ उत्कर्षाच्याच बाजूची, म्हणून बाद. ‘निष्कर्ष’ आणि ‘आकर्षण’ कानाला जवळचे आहेत, पण निष्कर्षाचा अर्थ विचारातून निघालेला निर्णय आणि आकर्षण म्हणजे ओढ. वर-खाली त्यात काहीच नाही. उरला अपकर्ष. शब्द माहीत नसताना उत्तर मिळते ते असे, बाकीचे तीन ठामपणे बाहेर काढून.

‘दोन्ही विरुद्धार्थी आहेत’ हे वाक्य धरायचे नाही. त्यात काहीही बसते. वाक्यात क्रियापद हवे, कोण काय करतो, कुठून कुठे जाते, किती आहे, हे त्यातून कळले पाहिजे.

उलट असण्याच्या तऱ्हा

सोप्या प्रश्नपत्रिकेत हा भाग लागत नाही. जोडीसारखी जोडी निवडा असा प्रश्न आला की मात्र सगळी मदार यावरच असते, कारण तिथे चारही पर्याय विरुद्धार्थीच दिलेले असतात.

‘हजर : गैरहजर’ यासारखी जोडी कोणती?
(अ) श्रीमंत : गरीब (आ) उंच : बुटका (इ) विवाहित : अविवाहित (ई) जलद : संथ

इथे ‘विरुद्धार्थी’ म्हणून काहीच हाती लागत नाही. हजर नाही म्हटले की माणूस गैरहजरच असतो, मध्ये तिसरी अवस्था नाही. श्रीमंत नसलेला माणूस मात्र गरीबच असतो असे नाही. खाऊनपिऊन सुखी अशी मोठी वस्ती मध्ये आहे. उंच-बुटक्यांच्या मध्ये मध्यम बांध्याचे, जलद-संथच्या मध्ये बेताच्या गतीचे. फक्त ‘विवाहित : अविवाहित’मध्ये मधली जागा नाही. उत्तर (इ).

ओळखायची खूण अशी: शब्दामागे ‘थोडा’ किंवा ‘फार’ लावून पाहा. ‘फार श्रीमंत’, ‘थोडा संथ’ म्हणता येते, म्हणजे मध्ये पायऱ्या आहेत. ‘फार सजीव’, ‘थोडी विषम संख्या’, ‘थोडा अनुत्तीर्ण’ असे कोणी म्हणत नाही, म्हणजे एकीकडे नाही तर दुसरीकडे. भजनाला बसणाऱ्या मुलांना पायऱ्यांची जोडी समजवायला वेळ लागत नाही: विलंबित आणि द्रुत ही दोन टोके, मध्ये मध्य लय.

पायऱ्या असलेल्या शब्दांत आणखी एक सापळा असतो, तीव्रतेचा.

गरीब : कंगाल :: श्रीमंत : ?
(अ) सुखवस्तू (आ) धनाढ्य (इ) दरिद्री (ई) उदार

पहिल्या जोडीत उलट काहीच नाही. गरिबी टोकाला गेली की कंगाल. श्रीमंती टोकाला गेली की धनाढ्य. सुखवस्तू हा श्रीमंताच्या खालच्या पायरीवरचा. ‘दरिद्री’ हे खास विरुद्धार्थी शब्द शोधत येणाऱ्यांसाठी ठेवलेले आमिष आहे, आणि घाईत ते हमखास गिळले जाते. पहिली जोडी वाचताना ‘उलट की जास्त?’ एवढे स्वतःला विचारले तरी पुरते.

तिसरी तऱ्हा व्यवहाराची आणि नात्याची: धनको–ऋणको, गुरू–शिष्य, विक्रेता–ग्राहक, वादी–प्रतिवादी, घरमालक–भाडेकरू. इथे एकाशिवाय दुसऱ्याला अर्थच नाही. कर्ज घेणारा कोणी नसेल तर धनको कुठला? या जोड्यांत क्रम फार महत्त्वाचा. ‘धनको : ऋणको’ सारखी जोडी विचारली आणि पर्यायांत ‘शिष्य : गुरू’ व ‘विक्रेता : ग्राहक’ दोन्ही असले तर वाक्य करा: ‘धनको देतो, ऋणको घेतो.’ विक्रेता देतो, ग्राहक घेतो, बसले. शिष्य देतो, गुरू घेतो? उलटे झाले. जोडी बरोबर असूनही क्रम उलटा असलेला पर्याय चूकच. परीक्षेत सर्वांत जास्त हातचे मार्क इथे जातात असे आमचे मत आहे, कारण मुलांना नाते ओळखता आल्याचा आनंद होतो आणि कोण आधी लिहिले आहे ते पाहायचे राहून जाते.

चौथी तऱ्हा क्रियांची. एकाने केलेले दुसरी क्रिया मोडते किंवा परत नेते: शिवणे–उसवणे, गुंडाळणे–उलगडणे, आवक–जावक. यातला कसोटीचा प्रश्न:

शिवणे : उसवणे :: बांधणे : ?
(अ) गाठ (आ) पाडणे (इ) सोडणे (ई) बांधकाम

‘गाठ’ आणि ‘बांधकाम’ नामे आहेत, क्रियापदाच्या जागी बसत नाहीत. मग दोन उरतात. घर बांधणे धरले तर पाडणे, दोरी बांधणे धरले तर सोडणे. वाक्य आवळायचे ते इथे. उसवल्यावर कापड शाबूत राहते, फक्त टाके निघतात. गाठ सोडल्यावर दोरी शाबूत राहते. पाडलेल्या घराचा मात्र ढिगारा होतो. म्हणून ‘सोडणे’ जास्त जवळचे. चांगला प्रश्नकर्ता हे दोन पर्याय एकत्र ठेवणार नाही, पण ठेवलेच तर सोडवायची वाट ही.

याच तऱ्हेत आयात–निर्यात येते आणि मुले ती उलटी लिहितात. गोव्यातल्या मुरगाव बंदरात परदेशातून कोळसा येतो ती आयात, तिथून लोहखनिज बाहेर जाते ती निर्यात. ‘आ’ म्हणजे इकडे, ‘निर्’ म्हणजे बाहेर. आगमन आणि निर्गमनही त्याच चालीचे. एकदा हे बसले की दोन जोड्या वेगवेगळ्या पाठ कराव्या लागत नाहीत.

आडवे जमत नसेल तर उभे वाचा

समसंबंधात विरोध नेहमी पहिल्या-दुसऱ्या शब्दांतच असतो असे नाही. कधी तो पहिल्या आणि तिसऱ्या शब्दांत असतो.

शुक्ल पक्ष : पौर्णिमा :: कृष्ण पक्ष : ?

शुक्ल पक्ष आणि पौर्णिमा विरुद्ध नाहीत. शुक्ल पक्ष पौर्णिमेला संपतो. पण शुक्ल आणि कृष्ण उलट आहेत, म्हणून उत्तरही पौर्णिमेच्या उलट, अमावास्या. पहिली जोडी विरोधाची वाटत नसेल तर पहिला आणि तिसरा शब्द एकमेकांशेजारी ठेवून पाहा.

पण इथेही डोळे उघडे हवेत. काबिजादी म्हणजे गोव्यात पोर्तुगीजांनी जिंकून घेतलेला मुलूख. ‘बार्देश : जुन्या काबिजादी :: पेडणे : ?’ याचे उत्तर ‘नव्या काबिजादी’, आणि तिसरा शब्द ‘सासष्टी’ असेल तर उत्तर पुन्हा ‘जुन्या काबिजादी’च. तिसवाडी, बार्देश आणि सासष्टी पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात घेतले. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा, सांगे, केपे, काणकोण अठराव्या शतकात त्यांच्याकडे गेले. ‘जुन्या’ दिसल्याबरोबर ‘नव्या’ लिहिणारा दुसऱ्या प्रश्नात फसतो. तिथे विरोध कुठेच नाही. कोणता प्रदेश कोणत्या गटात, एवढेच विचारले आहे.

एक शब्द, अनेक उलट

शब्दाला जितके अर्थ, तितके त्याचे विरुद्धार्थी. ‘खाली’ घ्या. जिन्यावर त्याच्या उलट ‘वर’. तबलजीकडे विचाराल तर खालीच्या समोर ‘टाळी’ आहे. तीनतालात पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी आणि नवव्या मात्रेवर खाली. घरात कोणी ‘खाली डबा’ म्हणत असेल तर उलट ‘भरलेला’. कोणता खाली ते पहिली जोडी सांगते, तिसरा शब्द एकटा सांगत नाही.

‘कच्चा’ तसाच. आंब्याच्या बाबतीत पिकलेला, भाताच्या बाबतीत शिजलेला, रस्त्याच्या बाबतीत पक्का. ‘जड’च्या उलट ‘हलका’, पण ‘जड : चेतन’ अशी जोडी आली तर वजनाचा संबंध उरत नाही. ‘उत्तर’ची गाठ कधी दक्षिणेशी, कधी प्रश्नाशी, तर पूर्वार्ध-उत्तरार्धात पूर्वशी. तिथी सांगताना ‘शुद्ध’च्या उलट ‘वद्य’ आहे, पाण्याच्या बाबतीत ‘अशुद्ध’. ‘जून’ वाचून सहावा महिना आठवणाऱ्या मुलाला ‘कोवळा : जून’ ही जोडी कळत नाही, बाजारात भेंडी मोडून पाहणाऱ्या आईला ती चटकन कळते. मासळीच्या बाजारात ‘सुकी’च्या उलट ‘ताजी’ म्हणतात, नारळाच्या ढिगाऱ्यापाशी ‘ओला’. जोडी पाठ करताना शब्दासोबत तो कशाला लावला आहे तेही लिहावे, नाहीतर ऐन वेळी दोन्ही उत्तरे डोक्यात येतात.

या जागी शब्दजात तपासणे ही सर्वांत स्वस्त युक्ती. उदार–कृपण ही विशेषणांची जोडी. ‘उदार : कृपण :: औदार्य : ?’ विचारले तर उत्तर ‘कंजूष’ होऊ शकत नाही, कारण औदार्य नाम आहे. उत्तर ‘कार्पण्य’. शब्द अवघड आहे, पण पर्यायांत एकटाच नाम असेल तर तो माहीत नसला तरी सापडतो. लिंग-वचनही कधी कधी मदत करते, पण त्यावर फार विसंबू नये. छापील प्रश्नपत्रिकांत ते नीट पाळलेलेच असते असे नाही.

उपसर्ग: आधार आणि दगा

सुबोध–दुर्बोध, सुगम–दुर्गम, सुलभ–दुर्लभ, सज्जन–दुर्जन. ‘सु’ किंवा ‘सत्’च्या समोर ‘दुर्’ आले की अनोळखी शब्दाचेही काम होते. ‘सुभिक्ष’ न ऐकलेला मुलगा ‘सुबोध : दुर्बोध :: सुभिक्ष : ?’ला ‘दुर्भिक्ष’ बरोबर लिहितो. ‘स’ला ‘निर्’ उभा राहतो: सगुण–निर्गुण, सदोष–निर्दोष, सजीव–निर्जीव. संधीने रूप बदलते, म्हणून सफलच्या समोर ‘निष्फळ’ आणि सशुल्कच्या समोर ‘निःशुल्क’ दिसेल. ‘अनु’ची जोडी ‘प्रति’शी लागते: अनुकूल–प्रतिकूल. फारसीतून आलेले उपसर्ग आपली माणसे सोडत नाहीत: ना (नापसंत, नाखूश), बे (बेशिस्त, बेकायदा), गैर (गैरहजर, गैरसोय), बिन (बिनशर्त, बिनविरोध). ‘शिस्त’ला ‘अशिस्त’ कानावर येतो, पण ‘हजर’ला ‘अहजर’ होत नाही. कोणता उपसर्ग कोणत्या शब्दाला लागतो हे वाचनातूनच कळते, त्याला नियम नाही.

आता दगा कुठे होतो ते.

‘अ’ लागला म्हणजे उलटच झाले असे नाही. अमूल्य म्हणजे किंमत नसलेले नव्हे, किंमत करता येणार नाही इतके मोलाचे. म्हणून ‘मूल्यवान : अमूल्य’ ही विरोधाची जोडी नाही, तीव्रतेची आहे. ‘अवघड’मधून ‘अव’ काढला तर ‘घड’ उरतो आणि त्याचा ‘सोप्या’शी काही संबंध नाही.

‘वि’ दोन्हीकडून बोलतो. स्मरण–विस्मरण, संयोग–वियोग, सम–विषम यांत तो उलट करतो. विशुद्ध आणि विख्यात यांत तो शब्दाला जोर देतो. ‘ख्यात : विख्यात’ पाहून विरोध लिहिणारे पुष्कळ.

सर्वांत लबाड ‘अनु’. अनुपस्थित, अनुत्तीर्ण, अनुदार यांत मुळात ‘अन्’ आहे आणि पुढचा शब्द ‘उ’ने सुरू होतो: अन् + उपस्थित, अन् + उत्तीर्ण, अन् + उदार. म्हणून अर्थ उलटतो. अनुकूल, अनुज, अनुदान यांत उपसर्गच ‘अनु’ आहे आणि अर्थ उलटत नाही. ‘उदार : अनुदार’ विरोध आहे, ‘दान : अनुदान’ नाही. तपासणी सोपी: शब्दाच्या सुरुवातीचा ‘अन’ झाका. उरलेला ‘उ’पासूनचा भाग स्वतंत्र शब्द असेल तर विरोध. ‘उपस्थित’ शब्द आहे, ‘उकूल’ नाही.

विरोध शेवटच्या टोकालाही असू शकतो. कृतज्ञ आणि कृतघ्न यांत सुरुवात एकच, फरक ‘ज्ञ’ आणि ‘घ्न’मध्ये. ‘ज्ञ’ म्हणजे जाणणारा, ‘घ्न’ म्हणजे नाश करणारा. घाईत वाचले तर दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून असे पर्याय बोट ठेवून वाचावेत.

गोव्यातल्या मुलाच्या डोक्यात तीन भाषा असतात

घरी कोंकणी, चौथीपर्यंत मराठी शाळा आणि पाचवीपासून इंग्रजी माध्यम, अशी पुष्कळ मुलांची वाट आहे. त्यांचे मराठी कच्चे असते असे अजिबात नाही. नाटक, भजन, वर्तमानपत्र यांतून ते चालूच राहते. पण उलट शब्द आठवताना आधी घरचा शब्द वर येतो, आणि उत्तरपत्रिकेत तो नसतो.

‘भरती’ म्हटले की ‘सुकती’ तोंडात येते. मराठी प्रश्नपत्रिकेत ‘ओहोटी’ लिहिलेले असते. कोंकणीत ‘चड’ आणि ‘उणें’ ही जोडी, मराठीत ‘जास्त’ आणि ‘कमी’. त्यात मराठीत ‘चढ’ हा वेगळा शब्द आहे आणि त्याच्या उलट ‘उतार’. ‘उणे’ही मराठीत आहे, पण त्याच्या समोर ‘अधिक’ बसतो, गणितातला. एकाच अक्षरावर घसरून मूल चुकीच्या जोडीत जाते. ‘बेगीन’ घरी लवकरलाही चालतो आणि भरभरलाही. मराठीत ‘लवकर’ची जोडी ‘उशिरा’शी आणि ‘भरभर’ची ‘सावकाश’शी. लवकर-उशिरा वेळेच्या बाबतीत उलट, भरभर-सावकाश गतीच्या बाबतीत. ‘हरवणे’च्या उलट मुले ‘मिळणे’ निवडतात, कारण कोंकणीतला ‘मेळप’ सापडण्यालाही पुरतो. मराठीत हरवलेले सापडते. मिळते ते पगार, बक्षीस, उत्तर.

इंग्रजीकडून येणारी चूक निराळी असते. तिकडे ‘ओल्ड’ एकच. मराठीत वस्तू जुनी होते आणि माणूस म्हातारा. ‘नवा : जुना :: तरुण : ?’ याला ‘जुना’ लिहिणारे आठवीतही सापडतात. ‘हार्ड’साठी कठीण, टणक, अवघड असे तीन शब्द आणि त्यांचे उलट अनुक्रमे मृदू, मऊ, सोपे. इंग्रजीत विचार करून मराठीत उत्तर आणू नये, मध्ये अर्थ सांडतो.

घरचे शब्द मात्र टाकायचे नाहीत. तेच उलट मदतीला येतात. खरीप–रब्बी ज्याला आठवत नाही, त्याला सरद–वायंगण आठवते. उकडा आणि सुरय (न उकडलेला) हे तांदूळ घरात आहेतच. आधी घरच्या शब्दात वाक्य करा, मग मराठी शब्द बसवा. फक्त खूण करताना मराठी शब्दावरच करा.

शब्दवही

विरुद्धार्थी शब्दांच्या याद्या पाठ करणारी मुले यादीतला प्रश्न आला की सोडवतात आणि यादीबाहेरचा आला की हात टेकतात. वहीत चार रकाने पाडा: शब्द, त्याच्या उलट, कशाच्या बाबतीत, मधला शब्द असेल तर तो. उदाहरणार्थ, ‘स्थावर – जंगम – हलवता येणे – नाही’. ‘विलंबित – द्रुत – लय – मध्य’. ‘जहाल – मवाळ – भूमिकेची धार – नेमस्त’ लिहायला गेलात तर इथेच कळते की नेमस्त मधला नाही, मवाळाच्याच बाजूचा आहे. तिसरा आणि चौथा रकाना भरताना जो विचार होतो तोच अभ्यास. पहिले दोन रकाने कोणीही उतरवून काढेल.

दिवसाला ६ ते ८ जोड्या बस्स. एका बैठकीत ५० लिहिल्या तर आठवड्यात त्यातल्या बऱ्याच गळतात. तिसऱ्या दिवशी आणि आठव्या दिवशी उजवीकडचे तिन्ही रकाने झाकून आठवून पाहा. न आठवलेल्यांवर ठिपका द्या आणि फक्त त्याच परत करा. शब्द कुठून आणायचे? वर्तमानपत्राचे अग्रलेख (पुरोगामी–प्रतिगामी, खंडन–मंडन), बाजारभावाचे पान (तेजी–मंदी, आवक–जावक), न्यायालयाच्या बातम्या (वादी–प्रतिवादी, स्थावर–जंगम), भजनाच्या चोपड्या (सगुण–निर्गुण, इहलोक–परलोक). अर्थाची शंका आली तर पणजीत पाट्टोवरच्या कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात जाऊन मोठा मराठी शब्दकोश उघडावा. छोट्या खिशातल्या कोशात एकच अर्थ असतो आणि समसंबंधात नेमका दुसरा विचारतात.

आठवड्यातून एकदा मुलाला स्वतः प्रश्न तयार करायला लावा. उत्तर सोडून तीन पर्याय द्यायचे: एक समानार्थी, एक उच्चाराने जवळचा, एक क्रम किंवा शब्दजात चुकलेला. सापळे लावायला शिकलेले मूल सापळ्यात सहसा सापडत नाही.

वेळ, आणि दोन पर्याय उरले तर

आठवीच्या एनएमएमएस या राष्ट्रीय शिष्यवृत्ती परीक्षेत बौद्धिक क्षमता चाचणीचे ९० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात, म्हणजे सरासरी प्रश्नाला मिनिट. आकृत्या आणि संख्यामाला त्याहून जास्त खातात, म्हणून शाब्दिक समसंबंध २५ ते ३० सेकंदांत संपला पाहिजे. वाक्य ५ सेकंद, स्वतःचे उत्तर ५ सेकंद, पर्याय १० सेकंद, शब्दजात आणि क्रम पाहायला उरलेला वेळ. सुरुवातीला सरावात दीड मिनिट लागले तरी घाबरू नका, पण पायरी गाळू नका. वेग आपोआप येतो. ४० सेकंद होऊनही जोडी उलगडत नसेल तर प्रश्नाला खूण करून पुढे जा. शेवटी परत आल्यावर कित्येकदा पहिला दृष्टिक्षेपच उत्तर सांगतो.

दोन पर्याय उरले की या क्रमाने तपासा. शब्दजात जुळते का? क्रम जुळतो का, देणारा आधी की घेणारा? तीव्रता सारखी आहे का? पहिल्या जोडीत मधली पायरी असेल तर उत्तराच्या जोडीतही आहे का? मूळ एका घरचे आहे का, म्हणजे पहिली जोडी संस्कृत वळणाची (उदय–अस्त) असताना उत्तर बोलीतले (उगवणे–मावळणे) कशाला येईल? शेवटची कसोटी सर्वांत कमकुवत आहे, पहिल्या चारांनी निकाल लागला नाही तरच ती वापरा.

इतके करूनही दोन्ही बसत असतील तर प्रश्नच सदोष असण्याची शक्यता आहे. असे प्रश्न येतात. अशा वेळी सर्वांत साधा, रोजच्या वापरातला अर्थ धरून खूण करा, कारण उत्तरसूची बहुधा त्याच अर्थाने बनवलेली असते. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत असतील तर आधी सूचना वाचा: चारांतले दोन नक्की बाद केले असतील आणि वजाबाकी पाव गुणाची असेल तर खूण करणे फायद्याचे, एकही बाद करता आला नसेल तर रिकामे सोडावे. तात्पुरती उत्तरसूची जाहीर झाल्यावर हरकत घ्यायची मुदत दिलेली असेल तर वेळेत लेखी हरकत द्या, आणि त्यात ‘दोन्ही बरोबर वाटतात’ असे न लिहिता दोन्ही पर्यायांची संबंध-वाक्ये एकाखाली एक लिहा.